ढब्बू गप्प का बसतो?

टीव्हीच्या कामात मी अर्धं आयुष्य काढलं, पण स्वतःचे कार्यक्रम मी फारसे पाहिलेच नाहीत. कार्यक्रम सुरू झाला की मी टीव्हीकडे पाठ करून बसायचे आणि समोरच्या पोरांची तोंडं बघायचे. पोरगं कुठे हसलं, कुठे त्याचं बोट नाकात गेलं, कुठे त्याची नजर पडद्यावरून सुटून खिडकीबाहेरच्या ट्रॅक्टरवर गेली, एवढंच माझं बघणं. लग्नाकार्यात कुणी भेटलं आणि म्हणालं, "मॅडम, काल तुमचा कार्यक्रम बघितला, लई भारी!" की मी विषयच बदलायचे. मोठा माणूस एवढा रंगला, तर लहान पोराला त्यात काही राहिलं होतं की नाही, ही शंका. लोकांना वाटायचं, बाईंना कौतुक पचत नाही.

आता निवृत्त झाले आहे आणि घरातली मंडळी हक्काने थट्टा करतात. आमच्या सूनबाई तर पाहुण्यांना सरळ सांगतात, "आई रेडकाला बोलायला शिकवायच्या." त्यात खोटं काही नाही. फक्त बोलण्यापेक्षा गप्प बसायला जास्त शिकवलं, आणि त्या गप्प बसण्यापायी काय काय झालं, तेच आज सांगायचं आहे.

कोल्हापुरात, शाहूपुरीत एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर आमचा स्टुडिओ होता. केबलवरची गावची वाहिनी, मालक मोहनराव. सकाळी भक्तिगीतं, दुपारी जुने सिनेमे, संध्याकाळी गावच्या बातम्या, आणि त्यात कुठेतरी कोंबून बसवलेला आमचा लहान मुलांचा कार्यक्रम. त्याआधी मी बालवाडी चालवायचे. मोहनरावांची मुलगी माझ्या हाताखालून गेलेली. त्या ओळखीवर त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, बारक्या पोरांसाठी कायतरी चांगलं करा. नुसती मारामारीची कार्टूनं बघून डोस्की फिरल्यात त्यांची." एवढ्या बोलण्यावर मला पुढची सगळी वर्षं मिळाली. या माणसाचे आभार मी तोंडावर कधी मानले नाहीत, कारण तोंडावर आम्ही कायम भांडतच होतो.

कार्यक्रमाचा नायक ढब्बू. ढब्बू म्हणजे म्हशीचं रेडकू. काळं मखमली कापड, लांब पापण्या, खाली पडलेले कान, आणि आत दत्ताभाऊंचा हात. दत्ताभाऊ कागलच्या एमआयडीसीत मशीनवर कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे येऊन रेडकू व्हायचे. आवाजही त्यांचाच. आठवडाभर लोखंडाशी झुंजलेला माणूस आमच्या टेबलाखाली मांडी घालून बसायचा, हात वर करायचा, आणि वर ढब्बू जांभई द्यायचा. बघणाऱ्याला खाली कुणी बसलंय हे खरंच विसरायला व्हायचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, लहान मुलांचा कार्यक्रम म्हणजे काहीतरी रंगीबेरंगी उड्या मारतंय, गाणी वाजतायत, झालं. तसं केलं की पोरगं बघत राहतं हे खरं. पण बघत राहणं वेगळं आणि त्याला काही मिळणं वेगळं. आम्ही एका भागात एकच गोष्ट घ्यायचो. आत आणि बाहेर. ओलं आणि कोरडं. कॅमेरा मांडी घालून बसलेल्या पोराच्या डोळ्यांएवढा खाली ठेवायचो. चित्र भराभरा बदलायचं नाही, कारण आपण बशीवर पोचतो तेव्हा पोरगं अजून कपच बघत असतं. आणि भाग तयार झाला की पाच-सहा मुलं जमवून, शेजारी मुद्दाम खेळणी पसरून, तो त्यांना दाखवायचा. जिथे पोरं टीव्ही सोडून खेळण्यांकडे वळली, तिथे आमचं चुकलं. मग ती जागा पुन्हा लिहायची. मी कितीही जीव ओतून लिहिलेलं असो, एखादं शेंबडं पोरगं लाकडी बैलगाडी उचलून त्याच्यावर पाणी फिरवायचं. त्याच्यापुढे अपील नाही.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. 'आत-बाहेर'चा भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी एका वडिलांचा फोन. "मॅडम, ढब्बूनं काय शिकवलंय ओ? पोरानं माझा मोबाईल कुठंतरी 'आत' ठेवलाय. रिंग ज्वारीच्या कोठीतनं वाजाय लागलीया." मी माफी मागायला तोंड उघडलं, तर पलीकडून तो माणूस आपला हसत सुटलेला. दुसरे एक गृहस्थ तर स्टुडिओची माडी चढून वर आले. मुलगा इंग्लिश मीडियमला. म्हणाले, "सगळं बरं हाय, पण ढब्बू इंग्लिश का बोलत न्हाय?" मी म्हटलं, "म्हशीचं आहे हो ते." त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "मग एखादं घोडं आणा की." दत्ताभाऊंना हे इतकं आवडलं, की पुढे कितीतरी दिवस चहा सांगताना ते "टू टी, प्लीज" म्हणायचे, रेडकाच्या आवाजात.

पण खरं भांडण झालं ते गप्प बसण्यावरून.

लहान मुलाला प्रश्न कळायला वेळ लागतो. मग उत्तर शोधायला वेळ लागतो. मग ते शब्दांत बसवून तोंडाबाहेर काढायला आणखी वेळ. आपल्याला हे दिसत नाही, कारण बाहेरून ते नुसतं मख्ख बसलेलं असतं. आत मात्र त्याची केवढी धांदल चाललेली असते. म्हणून ढब्बू प्रश्न विचारायचा आणि थांबायचा. "माझी टोपी कुठाय?" असं विचारायचा, आणि टोपी त्याच्याच डोक्यावर. मग तो कॅमेऱ्यात बघत राहायचा. पापण्या मिटायच्या, उघडायच्या, एक कान किंचित हलायचा, पण तोंडातून ब्र नाही. आणि चेहरा असा, की समोरचा सांगणार याची त्याला पक्की खात्री. दत्ताभाऊ म्हणायचे, "बोलायचं सोपं हाय मॅडम. गप बसताना हाताला घाम येतोय."

पहिला भाग लागला आणि स्टुडिओतला फोन थांबेना. "आवाज गेलाय!" "केबल तुटली काय बघा की!" पुन्हा तोच भाग लागला, तेव्हा मशीनवर बसलेल्या ऑपरेटरने आपल्या परीने दुरुस्ती केली. ढब्बूने विचारलं, "माझी टोपी कुठाय?" आणि लगेच उत्तर आलं, "स्टीलच्या सर्व भांड्यांवर सणाची खास सूट!" खालच्या दुकानाची जाहिरात त्याने त्या रिकाम्या जागेत बरोबर बसवली होती.

मी तणतणत मोहनरावांकडे गेले. तेही तापलेलेच होते. "मॅडम, टीव्हीवर गप बसतंय व्हय कोण? माणूस चॅनेल बदलून जातंय!" मी म्हटलं, एकदा माझ्यासारखं बसून बघा. त्यांची नात साडेतीन वर्षांची. तिला टीव्हीसमोर बसवलं आणि मोहनरावांना माझ्याशेजारी, टीव्हीकडे पाठ करून. ढब्बूने टोपीचं विचारलं. शांतता. मोहनरावांची चुळबुळ सुरू झाली, मी त्यांचा हात दाबून धरला. नातीचं तोंड थोडं उघडलं, मिटलं, कपाळाला आठी पडली, आणि मग ती टीव्हीला दम दिल्यासारखी म्हणाली, "डोक्यावर हाय की!" मोहनरावांनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठेवा तुमचं गप." त्या दिवसापासून त्या जागेला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. फोन आले की ते स्वतः सांगायचे, "आवाज गेला न्हाय. रेडकू विचार करतंय."

आमची जिरली ती वेगळ्याच ठिकाणी. कोल्हापूरच्या माणसाला गप्प बसलेलं माणूस बघवत नाही. इथे रस्त्यात एकाला पत्ता विचारला तर चौघं सांगतात, आणि पाचवा "पावणं, बसा गाडीवर" म्हणून दारात सोडून येतो. कुणी गप्प दिसलं की ते आजारी असणार किंवा रुसलेलं असणार, तिसरं कारण आम्हाला सुचत नाही. तर ढब्बू घराघरात प्रश्न विचारायला लागला, आणि घरातली थोरली मंडळी उत्तरं द्यायला लागली. पोरगं तोंड उघडायच्या आत खाटेवरून आजोबा, "डोस्क्यावर हाय की रं तुझ्या!" दारातून काका, "आंधळं हाय काय हे रेडकू?" पोरगं बिचारं टीव्ही सोडून यांच्याकडेच बघत राहायचं. आम्ही हे किती घरांतून पाहिलं! आणि आमच्यापैकी एकालाही त्यात काही खटकलं नाही. सगळं घर कार्यक्रमात रंगलंय म्हणून आम्ही खूशच होतो. आम्हीही कोल्हापूरचेच की.

ते ज्या पोरीमुळे कळलं, ती कोडोलीची.

कोडोलीच्या अंगणवाडीत आम्ही एक नवा भाग मुलांना दाखवायला गेलो होतो. आवराआवर चालली असताना एक तरुण बाई कडेवर मुलगी घेऊन पुढे आली. राजश्री तिचं नाव. नवरा कागलला नोकरीला, घरी थोडी शेती, चार म्हशी. मुलगी अन्वी, चौथं लागलेलं. राजश्री म्हणाली, "मॅडम, ही ढब्बूसंगट बोलती. त्यो इचारतो त्या सगळ्याचं उत्तर देती. पण दुसऱ्या कुणासंगट एक शब्द बोलत न्हाय."

मी विचारलं, "तुझ्याशी?"

तिने मानेनेच नाही म्हटलं. कान तपासून झाले होते, ऐकू चांगलं येत होतं. कोल्हापुरातल्या एका वाचा-उपचाराच्या मॅडमकडे ती दर आठवड्याला एसटीने मुलीला घेऊन जात होती. त्यांनी टीव्ही कमी करायला सांगितलं होतं, आणि तेवढंच राजश्रीला जमत नव्हतं. "टीव्ही बंद केला तर तिचा आवाजच मला ऐकू येणार न्हाय ओ," ती म्हणाली. "तुम्ही ढब्बू रोज दोन तास लावा. आमचा टीव्ही नेटचा हाय, तुमचं जुनं भाग त्यावर हायत, मी दिवसभर तेच लावून ठेवतो. पण नवीन पायजेत. तेवढंच जास्त बोलंल." मग अन्वीला या कडेवरून त्या कडेवर घेत म्हणाली, "मला कायतरी सांगावं हिनं मॅडम. न्हायतर भांडावं तरी माझ्यासंगट."

एवढं मोठं कौतुक माझ्या कार्यक्रमाला आजवर मिळालं नव्हतं, आणि ते ऐकताना मला रडू येत होतं. मी म्हटलं, "चल, तुझ्या घरी जाऊ."

घरात अन्वीची आज्जी होती, राजश्रीची सासू. दणकट बाई, आवाज गल्लीच्या टोकाला जाईल असा. मी आपली नेहमीसारखी टीव्हीकडे पाठ करून, अन्वीच्या समोर बसले. ढब्बू सुरू झाला. त्याने विचारलं, तो थांबला, आणि अन्वीने उत्तर दिलं. हळू, पण स्पष्ट. पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर. तिच्या डोळ्यांत अशी चमक, की हीच ती न बोलणारी पोर यावर विश्वास बसू नये. आज्जी आणि राजश्री तिचा आवाज ऐकायला श्वास रोखून बसलेल्या. भाग संपला, टीव्ही बंद केला.

राजश्री म्हणाली, "अन्वी, मॅडमना नाव सांग."

मी समोरच होते, म्हणून मला दिसलं. अन्वीचे ओठ हलले. उघडायला लागले. तेवढ्यात आज्जी, "सांग की गं! अन्वी म्हण, अन्वी!" राजश्री, "लाजती ओ मॅडम." पुन्हा आज्जी, "अन्वी नाव हाय तिचं. बोलत न्हाय, पण गुणाची हाय पोरगी." अन्वीचे ओठ मिटले. ती उठली आणि बंद टीव्हीसमोर जाऊन बसली.

वाईट वागणारं त्या घरात कुणी नव्हतं. उलट पोरीवर जीव टाकणारी माणसं, आणि त्या मायेपायीच तिला कुणी अडखळू देत नव्हतं. तिला पाणी हवंसं वाटायच्या आत पेला पुढे येत होता. जगात तिच्यासाठी थांबणारं एकच कुणी होतं, आणि ते कापडाचं होतं.

मी राजश्रीला म्हटलं, "ढब्बू करतो ते तू कर."

"म्हंजे काय करू?"

"काही करू नकोस. विचार, आणि गप्प बस. तिच्याकडे बघ, आनंदाने बघ, आणि गप्प बस. कितीही वेळ लागू दे."

आज्जी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे सांगाय कोल्हापुरातनं आलासा व्हय?"

ऐकायला एवढुसं, पण करून बघा. मी तिथेच दोघींकडून करून घेतलं. राजश्रीने विचारलं, "अन्वी, तुला काय पायजे?" आणि पदराचं टोक दातांत धरून बसली. आज्जींना काही केल्या जमेना. नाही म्हणता म्हणता त्यांच्या तोंडून "दूध पायजे काय" निघूनच जायचं. शेवटी त्यांनीच तोड काढली. कनवटीची तंबाखूची डबी काढून म्हणाल्या, "मी तंबाखू धरून बसतो. मग बोलायचं म्हटलं तर उठून बाहेर जावं लागतंय." तंबाखूचा असा उपयोग मी कधी ऐकला नव्हता. वाईट व्यसन आहे आणि त्याचं समर्थन मी करत नाही, पण त्या दिवशी मी डबीला मनातल्या मनात हात जोडले.

स्टुडिओत परत आले आणि मोहनराव, दत्ताभाऊ यांना समोर बसवलं. म्हटलं, आपण पोरांना आपल्याशी बोलायला शिकवतोय. त्यांना घरच्यांशी बोलायला यायला पाहिजे. इथून पुढे ढब्बू प्रश्न विचारेल आणि म्हणेल, "मला नको सांगू, शेजारी बसलंय त्यांना सांग." आणि पाठ फिरवून बसेल. त्याआधी मोठ्यांना सांगेल, की आज्जा, आज्जी, आई, बाबा, तोंडाला कुलूप. शेवटी म्हणेल, आता टीव्ही बंद करा.

दत्ताभाऊ म्हणाले, "पाठीनं कसं ओ काम करू? रेडकाच्या पाठीला काय डोळं असतात?" मोहनराव तर कपाळाला हात लावून बसले. "दुकानदारच गिऱ्हाईकाला घरी जा म्हणतंय, हे पहिल्यांदाच बघतोय." मग तेच म्हणाले, "करा. एवढी वर्षं तुमचं ऐकून काय वाईट झालंय?" दत्ताभाऊंनी पाठीने काम केलं आणि असं केलं, की ढब्बू कान देऊन ऐकतोय हे मागूनही कळत होतं.

तो भाग लागला, आणि दोन दिवसांनी राजश्रीचा फोन आला. "मॅडम, तुमच्या रेडकानं पाठ फिरवली. अन्वीनं टीव्हीवर हात आपटलं, लई रडली. परवापास्नं ढब्बूसंगट बी बोलत न्हाय. होतं तेवढं बी गेलं की ओ."

जे एक दार त्या पोरीला उघडं होतं, ते मीच लावून घेतलं होतं. मी त्या वाचा-उपचाराच्या मॅडमना जाऊन भेटले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरोबर सांगितलंय तुम्ही. आता घाबरून मागे फिरू नका. आईला म्हणावं, थांबायचं." मी ते राजश्रीला कळवलं. ती नुसतं "बरं" म्हणाली. त्या "बरं"मध्ये माझ्यावरचा विश्वास किती उरला होता, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. राजश्रीने मात्र टीव्ही बंद ठेवला तो ठेवलाच.

आधीच सांगते, चमत्कार वगैरे झाला नाही. त्या पोरीला पुढेही उपचारांना जावं लागलं, कितीतरी महिने. आणि जे झालं त्याचं श्रेय त्या उपचारांना आणि त्या घराला. आज अन्वी शाळेत जाते आणि आईशी मनसोक्त भांडते, असं राजश्री मला तक्रारीच्या सुरात सांगते. पण त्यातली सुरुवात मी डोळ्यांनी पाहिली, हे माझं भाग्य.

फोननंतर काही आठवडे गेले होते. राहवेना म्हणून मी कोडोलीला गेले. मनात म्हणत होते, शिव्या दिल्या तर खायच्या. शिव्या कुणी दिल्या नाहीत. राजश्री म्हणाली, "बसा, च्या ठेवतो." मी स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसले. ती गॅसवर दुधाचं पातेलं ठेवून माझ्याशी बोलत होती. काही फरक नाही, म्हणत होती. बोलत नाही पोरगी, पण बघते आता तोंडाकडे, म्हणत होती. आज्जी मागच्या दारात उभ्या, गालात तंबाखू धरून. त्यांनी ते व्रत सोडलं नव्हतं.

अन्वी आत आली. आईच्या पाठीमागे उभी राहिली आणि पातेल्याकडे बघायला लागली. दूध वर यायला लागलं होतं.

"आई," अन्वी म्हणाली.

राजश्री वळली. पाठीमागे पातेलं आहे हे ती विसरली म्हणावं, तर तसं नव्हतं. तिने ते पाहिलं होतं. मी पाहिलं की तिने पाहिलं. ती खाली बसली, मुलीच्या डोळ्यांएवढी, आणि काही बोलली नाही. दूध काठाशी आलं. आज्जी दारातून दोन्ही हातांनी खुणा करत होत्या, डोळे बाहेर यायचे बाकी. मी सवयीने उठले, हात गॅसच्या बटणाकडे गेला, तर राजश्रीने न बघता माझं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं.

अन्वीचं तोंड उघडलं. मिटलं. कपाळाला आठी पडली. दूध काठावरून उतरलं, आच फरफरली, करपल्याचा वास सुटला. राजश्री जागची हलली नाही. ती पोरीकडे बघून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दूध," अन्वी म्हणाली. मग पुन्हा वेळ गेला. "दूध पळालं."

राजश्रीने मागे हात नेऊन गॅस बंद केला. मी म्हटलं, आता ही पोरीला उराशी धरणार, गल्ली गोळा करणार. ते तिने काही केलं नाही. दूध ओट्यावरून खाली फरशीवर ठिबकत होतं. त्यात पाय ठेवून ती तशीच बसून राहिली, डोळे पुसले आणि विचारलं, "कुठं पळालं?"

आणि गप्प बसली.

आम्ही तिघी गप्प बसलो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या तीन बायका, एका स्वयंपाकघरात, दूध उतू गेलेलं, आणि कुणी एक अक्षर बोलत नाही. अन्वीने ओट्याकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे बोट केलं.

"मॅडमचा च्या पळाला," ती म्हणाली.

आज्जी तोंडाला पदर लावून परसात पळाल्या. तिथून आधी थुंकल्याचा आणि मग मोठ्याने रडल्याचा आवाज आला.

चहा कोरा झाला. तो राजश्रीने केला की आज्जींनी, मला आठवत नाही. त्यात साखर घालायची राहिली होती. आम्ही तिघींनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि त्यात साखर नाही हे एकीच्याही लक्षात आलं नाही. अन्वीने तिच्यासाठी ओतलेला कप तोंडाला लावला, आणि तिनेच आम्हाला सांगितलं.